गाडीचं मागचं दार

आगरदांड्याला फेरीबोटीच्या रांगेत उभ्या प्रणालीच्या मागं दोन म्हातारे बोलत होते.

"अंबाजी, सोनलची इलेक्ट्रिक गाडी आली का रं?"

"बुक करून सात महिने झाले, अजून नंबर न्हाय लागला. पडवीत चार्जिंगचा पॉइंट मात्र तयार हाय."

"चालवणार तूच म्हणा! तीस वर्षं मुंबईत सायबाची गाडी चालवलीस."

"छ्या! लेकीनं आपल्या पगारातनं घेतली, तीच चालवणार. शोरूममध्ये सगळी बॅटरीचं विचारत होती. मी मागचं दार तेवढं चार वेळा उघडून बघितलं."

"दार कशाला?"

"नीट उघडतंय का ते बघायला नको? मी मागं बसणार, डावीकडं, सायबाच्या जागेवर."

"आणि दार?"

"त्याला मी हात लावायचा न्हाय. सोनल उघडणार."