स्क्रीनवरचे बिनमिशीचे बाबा

हॅलो?… हो, बालवर्गच. बाईच बोलतेय… कोण?… जरा मोठ्याने बोला हो, इथे पंचवीस जण एकदम गातायत… ए, गाणं जरा मनातल्या मनात म्हणा रे!… हं, बोला.

कोण बाबा?… भिंगरीचे?… अहो, कोणीही म्हणेल मी भिंगरीचा बाबा. कशावरून?

रागावू नका. सकाळी जे झालं त्यानंतर मी जरा जपूनच बोलणार ना… थांबा, प्रवेशाचा फॉर्म काढते… ठोकळा तोंडातून काढ आधी!… तुम्हाला नाही हो… हं, सापडला. नंबर जुळतोय. पण फोन काय, कोणीही उचलून लावेल. मुलीची जन्मतारीख सांगा… बरं, महिना?… "उन्हाळ्यात कधीतरी"?… अहो!… आणि उंची काय सांगताय "एवढी" म्हणून, मला तुमचा हात दिसतोय का?

असू दे, असू दे. पटलं मला. तोतया असता तर सगळं घोकून आला असता. तुम्ही खरेच वडील आहात. बोला आता.

हो, लॅपटॉपचं झाकण तिनेच लावलं… नाही, नेट गेलं नव्हतं. तिनेच… अहो, ऐका ना… ऐकता का जरा? पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडे हा आठवडा आईबाबांच्या कामाचा. कुणाची आई टपाल वाटते, ती पिशवी घेऊन आली. कुणाचे बाबा गवंडी, ते थापी घेऊन आले. तुम्ही पडलात बोटीवरचे आचारी, भर समुद्रातून येणार कसे? म्हणून तुम्हाला कॉम्प्युटरवर बोलवायचं ठरलं. आणि कॉम्प्युटर लावायचा म्हणजे आधी मुलांना चार गोष्टी शिकवायला नकोत?… हो ना? तेच तर केलं मी.

एक मोठं खोकं घेतलं, त्याला चौकोन कापला, झाला कॉम्प्युटर. मागे बसवल्या आमच्या मावशींना… डबे उघडून देतात त्या… मावशींनी चौकोनातून तोंड काढलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ओळखलंस का मला? घरी कोण कोण असतं? खाऊ आणलाय बघ तुझ्यासाठी!" पहिल्या दिवशी काय झालं असेल?… पंचवीसच्या पंचवीस जणांनी पत्ता सांगितला. एकाने तर किल्ली कुठल्या कुंडीखाली असते तेही सांगून टाकलं. हसताय काय? खरा चोर ऐकत असता म्हणजे? मग आठ दिवस रोज तेच. अनोळखी चेहरा दिसला की नाव नाही, पत्ता नाही, उठून मोठ्या माणसाला बोलवायचं. ओळखीच्या नंबरावर आपण लावलेला फोन तेवढा चालतो. मावशींचा घसा बसला, पण मुलं तयार झाली.

आणि आज सकाळी तुम्ही उगवलात.

अहो, ती आठ दिवस सगळ्यांना सांगत होती, माझ्या बाबाच्या मिशीत पेन्सिल अडकवली तर पडत नाही. मुलं पेन्सिली घेऊन बसली होती! आणि स्क्रीनवर कोण? पांढरी टोपी आणि खाली हा एवढा गुळगुळीत चेहरा. बरं, आलात तर आलात, बोललात काय?… आठवा… हं! "ओळखलंस का मला? घरी कोण कोण आहे? खाऊ आणलाय बघ!" अहो, शब्दाला शब्द! मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनाच धडकी भरली.

भिंगरी उठली, म्हणाली, "बाई, हा माणूस मला ओळखतो म्हणतोय," आणि धाडकन झाकण! वर चढून बसली ती झाकणावर. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या… मी?… आता खोटं कशाला बोलू. मीही वाजवल्या.

मी तुम्हाला पाहिलंय कुठे कधी? फॉर्मवरच्या फोटोत निम्मी मिशी आहे आणि निम्मे तुम्ही… पण गेली कुठे ती?… काय?… तळणीचा भडका?… आणि अर्धीच गेली?… मग उरलेली तुम्ही… हो, बरोबर, अर्धी ठेवून माणूस जाणार कुठे… नाही, नाही, मी हसत नाहीये. खोकला आहे… बरं, हसतेय. माफ करा. घरी का नाही कळवलंत?… बायको काळजी करेल म्हणून? ती नर्स आहे हो! दिवसभर माणसं शिवून घरी येते ती, तुमच्या मिशीने काय होणार तिला?

फोन ठेवताय?… नाही? मग बोला ना.

शनिवारी?… याच शनिवारी घरी येताय?… किती महिन्यांनी?… आठ!

हं… हं… समजलं मला. दार उघडलं आणि ती आईच्या मागे लपली तर… नाही हो लपणार. बापाला का कोणी… खरं सांगू? लपेल. डबा खाताना मला विचारत होती, तो माणूस आमच्या घरी येईल का? अर्धा डबा तसाच ठेवला तिने. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. अनोळखी चेहऱ्याचं मी घोटून घेतलं, पण ओळखीचाच चेहरा बदलला तर काय करायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं. माझं चुकलं. वाईट वाटतंय मला, खरंच.

आत्ता?… फोनवर?… देते. पण मी शेजारी बसणार. आणि खाऊचा "ख" काढायचा नाही, सांगून ठेवते.

भिंगरी, ये गं इकडे. फोन आहे… बाबाच आहेत, मी तपासलंय… नाही, बाईंनी सांगितलं म्हणून नको ऐकूस. तूच विचार, हवं ते विचार. पटलं तर बोल, नाही पटलं तर ठेवून दे. मी इथेच आहे… घे. धर नीट.

"हॅलो… तुम्ही कोण?… माझं नाव नाही सांगणार… तुम्हाला माहितीये तर मग विचारता कशाला?…

"बाई, हे बाबासारखा आवाज काढतायत…

"थांबा. मी प्रश्न विचारणार. अंघोळ झाल्यावर माझ्या कानात पाणी गेलं तर काय करायचं?… एका पायावर उड्या… कोणी मारायच्या?… चूक! मी नाही मारत… शेवटचं सांगा हं… हां! बाबाने. पाणी माझ्या कानात आणि उड्या बाबा मारतो. मग मी खूप हसते आणि पाणी पडतं.

"मारा… आत्ता… असू दे बोट. बोटीत पण मारता येतात… कोण बघतंय?… बघू दे त्यांना… एक… दोन… ती… काय पडलं?… परात?… आणि झारा पण?… कोण ओरडतंय तिथे?… बाई! बाई, बाबाच आहे! बाबाने उडी मारली की काहीतरी पडतंच!

"बाबा! तू सकाळी का नाही आलास? सगळ्यांनी पेन्सिली आणल्या होत्या… अरे, ऐक ना, आधी माझं ऐक. तुझ्याऐवजी दुसराच माणूस आला होता. तुझी टोपी घालून!… हो, तुझीच! मी ओळखली. तू टोपी कपाटात ठेवत जा, कुलूप लाव… म्हणे मी तुझा बाबा. मी झाकण लावून टाकलं… नाही, रडले नाही… वर्गात नाही रडले. बाथरूममध्ये थोडीशी.

"तू शनिवारी येतोयस ना? लवकर ये. तो माणूस आमच्या घरी आला तर?… आई ड्युटीवर असली तर?… तू असलास की मला नाही भीती वाटणार. आपण दोघं मिळून त्याला पकडू… बाबा?… बोल ना…

"बाई, बाबा बघा ना. नुसतं नाक ओढतोय.

"काय?… कोण होतं?… तू?… तो तू होतास?… नाही. त्याला मिशी नव्हती… कशी जळली?… कढईतून?… एवढी मोठी आग?… आणि मग?…

"मग तू मला सांगितलं का नाहीस? आधी सांगायचं ना! मी तुला 'हा माणूस' म्हटलं… मी तुझ्यावर झाकण लावलं… शाब्बास काय म्हणतोस, शाब्बास नाही!… हो, बाईंनी पण म्हटलं शाब्बास. पण तो तू होतास ना…

"बाबा… दुखलं का रे तुला?… मिशीला नाही, तोंडाला… खरं सांग… दुखलं का?… हॅलो?… बाबा, हॅलो?…

"बाई, आवाज गेला! त्याने सांगितलंच नाही. मी नाही हं ठेवला, आपोआप गेला… लावा ना परत. बाई, लावा ना… आपण लावलेला चालतो ना?"