फिर्मिनची राखून ठेवलेली चाकं

(बेल्जियममधल्या फ्लांडर्स भागातल्या एका गावातलं सायकलचं दुकान. हिवाळ्याची सुरुवात.)

ओडिल: बूट काढ, लुटगार्ड.

लुटगार्ड: का? तुझ्या दुकानात अनवाणी बसायचं असतं का सायकलवर?

ओडिल: केवढे जाड तळ आहेत त्या बुटांचे. चर्चलासुद्धा तू असले बूट घालून येत नाहीस. काढ, आणि परत बस.

लुटगार्ड: हं. बसले.

ओडिल: पाय कुठे आहेत?

लुटगार्ड: माझ्याजवळच आहेत.

ओडिल: जमिनीवर आहेत का, ते विचारतोय. सीट याहून खाली जात नाही. हँडल धरायला तर तू पार पालथी पडलीयस. फिर्मिनची सायकल आहे ही, ताडमाड माणसाची.

लुटगार्ड: म्हणून तर तुझ्याकडे आणली. माझ्या मापाची करून दे. लोकांना सगळं बदलून देतोस की.

ओडिल: सगळं बदलता येतं गं. सीट, हँडल, गिअर, चाकं. आज साधं घ्यायचं, पुढे सवडीने चांगलं बसवायचं. फ्रेम तेवढी पहिल्या दिवशीच मापाची लागते. ती बदलली की सायकलच दुसरी झाली.

लुटगार्ड: मला दुसरी नकोय. जन्मभर मी शर्यतीत त्या दगडी चढाच्या वळणावर नवऱ्याची खाण्याची पिशवी धरून उभी राहिले. तो यायचा, पिशवी हिसकायचा, की गेला. धड तोंडही दिसायचं नाही. आता तो गेल्यावर त्याच्याबरोबर रविवारी सायकलवर जाणारी मंडळी मला म्हणतात, तू ये आमच्याबरोबर. मी दुसऱ्या सायकलवर बसून निघाले, तर त्याला घरी एकटं टाकून आल्यासारखं होईल. मला नाही सोसणार ते.

ओडिल: ती निळी बघ, कोपऱ्यातली. नुसती बसून बघ.

लुटगार्ड: पाय टेकले.

ओडिल: आणि हँडल?

लुटगार्ड: आलं हाताशी. आधीच काढून ठेवली होतीस ना ही?

ओडिल: ठेवली होती. हिची चाकं जड आहेत. हिवाळाभर राहू देत. वसंतात हलके गिअर बसवू. नवी चाकं मात्र घेऊ नकोस. फिर्मिनची ती माळ्यावर आहेत ना, ईस्टरच्या शर्यतीसाठी राखलेली?

लुटगार्ड: दुलईत गुंडाळलीयत. मलाही हात लावू द्यायचा नाही.

ओडिल: ती हिला बसतात. मुद्दाम त्या चाकांना चालतील अशाच ब्रेकची निवडलीय मी.

लुटगार्ड: मग आजच बसव. मी घेऊन येते.

ओडिल: चांगली चाकं हिवाळ्याच्या चिखलात घालत नाहीत. वर गेल्यावर फिर्मिन माझे कान उपटेल. आधी याच चाकांवर त्या दगडी चढाच्या माथ्यावरच्या चॅपेलपर्यंत चढ, खाली न उतरता.

लुटगार्ड: आणि दम संपला तर?

ओडिल: वळणावर मी उभा राहीन, पिशवी घेऊन. धावत्या सायकलवरून घ्यायला शिकवेन तुला.

लुटगार्ड: नको. मी थांबून घेईन. देणाऱ्याचं तोंड बघून.