सहाव्या दिवसाचा ताप

मंगळवारी दुपारी सव्वादोनला राहनाळच्या आक्कांचा फोन वाजला. आक्का पाटावर बसून सुकट निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी फोन कानाला लावला.

“हॅलो?… कोण?… वैशाली! अगो, तुझा आवाज असा साहेबासारखा काय झाला? हापिसात हाय का?… बोल बाय, बोल.”

वैशाली कामतघरची. बाळंतिणींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. सरकारी विमा योजनेच्या कायद्यात दुरुस्ती व्हायची आहे. आजवर विम्याचं कार्ड दवाखान्यातल्या बाळंतपणापुरतं चालत आलं. ते पुढे पंचेचाळीस दिवस चालावं आणि तेवढे दिवस नर्सनं घरी येऊन बाळंतिणीला तपासावं, अशी ती दुरुस्ती. बुधवारी अकरा वाजता समितीपुढे सुनावणी. आक्कांनी तीस वर्षं सुईणपण केलं. त्यांचा जबाब वैशालीनं लिहून काढला होता आणि अंगठा घेण्याआधी ती तो वाचून दाखवत होती.

“वाच… थांब, थांब. कंटेनर चाललाय दारातून… हां, आता… वय अडुसष्ट लिही. खरं आईला ठाऊक, ती गेली… हो, हो, बायजाबाई माझी आई. तिच्याच हाताखाली शिकले… किती बाळंतपणं? मी काय मोजत होते? असं लिही, राहनाळात चाळिशीच्या पुढचं कुणीही धर, पहिला हात माझा न्हायतर आईचा.”

“जीवन आठवतो?… अगो, दौलतचा! लावणी चाललेली, त्याची आई पोट धरून बांधावरनं घरी आली नि तासाभरात मोकळी झाली. दौलत चिखलाच्या पायानंच धावत आला, मी उंबऱ्यावरनं हाकलला. आता त्या घरावर गोडाऊन हाय. जीवन तिथंच ड्युटीला जातो. जल्मला तिथंच माल उतरवतो, बोल!… हस, हस. मी त्या गेटवरनं गेले ना, की मला अजून ओव्याच्या धुरीचा वास येतो. वॉचमनला म्हटलं, तर त्यो बोलतो, मौसी, डीझेल है.”

“सव्वा महिना, हां, ते नीट लिहिलंस. रोज सकाळी जायची मी. तेल, शेक, धुरी. निघताना चहा पिल्याशिवाय सोडायचे न्हाय. पाचवीला नारळ नि लुगडं… एवढी लुगडी झालेली, की आई म्हणायची, दुकान टाक… अगो ऐक ना. ते तेल नुसतं अंग रगडायला नसतं बाय. पोटावर हात ठेवला की कळतं, पिशवी बसते का न्हाय. पाय सुजलेत का, अंगावर किती जातंय, पोरगी उदास हाय का, सगळं कळतं. तुमचा कायदा तेच सांगतो ना? फक्त नर्सबाईच्या हातानं… येऊ दे गो. मला काय राग? दवाखाने झाले, मला फारसं कुणी बोलवंना, ते बरंच झालं. पण दवाखान्यातनंही कुणी येत न्हवतं. बाळंतीण मधल्या मध्ये राहिली.”

मग वैशाली हेमालीच्या मजकुरावर आली. हेमाली तिची थोरली बहीण, राहनाळच्या मनोजला दिलेली. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात गेली.

“वाच… तिसऱ्या दिवशी घरी आली, बरोबर… नवव्या दिवशी मनोजनं परत नेली. हो. काउंटरवर सांगितलं, कार्ड डिलिव्हरीपुरतं होतं, तापाला न्हाय चालत, दुसरीकडं न्या. रिक्षातच… हो बाय. ठाऊक हाय मला. रडू नको. पुढं वाच… काय?… परत वाच.”

“‘मधल्या सहा दिवसांत तिला कोणीही तपासले नाही.’ हे खोड… खोड म्हणते ना. मी हात लावला होता.”

आक्कांनी सुकटीचं ताट बाजूला सारलं.

“पाचवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं मला. तेल लावायला बसले. अंग गरम होतं. छाती भरून आलेली. मी म्हटलं, दुधाचा ताप हाय, दोन दिवसांत जाईल. आई तसंच म्हणायची. मीही किती जणींना म्हटलं, त्यांचा गेला… मनोजला ठाऊक होतं. त्यो म्हणाला, रिक्षा आणतो. मी थांबवला… हो. मीच… सातव्या, आठव्या दिवशीही गेले. आठव्या दिवशी हेमाली म्हणाली, आक्का, तुझा हात थंडगार लागतो. मी म्हटलं, तेल थंड हाय.”

“हॅलो?… वैशाली?… हाय ना तू?… बोल काहीतरी. शिव्या दे…”

“बारा वर्षं कशी सांगणार? तू दिसलीस की पाया पडायचीस…”

“समितीवाले काय म्हणतील ते मला कळतं. म्हणतील, सुईणीनं मारली, कायद्याचं काय काम. म्हणू दे… अगो ऐक ना! कार्ड चाललं न्हाय हेही खरं, नि मी थांबवलं हेही खरं. दोन्ही लिही. दुधाचा ताप वेगळा, ह्यो वेगळा, हे मला तरी कोण सांगायला आलं?… पण ‘कोणीही न्हाय’ ह्याच्यावर माझा अंगठा घेऊ नको… कोण?… ऋतिकापण येणार? आईचा, हेमालीचा फोटो घेऊन?… मग तर खरंच लिही. ती पोरगी तेव्हा माझ्याच मांडीवर होती… तसं लिहिलंस तर येते, न्हायतर न्हाय… हॅलो?… हॅलो?”

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी फोन कटला. आक्कांनी तीनदा लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी सहा वाजता संस्थेतल्या दुसऱ्या एका मुलीचा फोन आला. सकाळी सातला गाडी नाक्यावर येईल, एवढंच तिनं सांगितलं. जबाबाचं विचारल्यावर म्हणाली, तो कागद वैशालीताईंकडे आहे.