पिनूचं नाक

...आणि वर मलाच म्हणतात, माफी मागा! कशाची? तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगते, परवा नातीच्या होणाऱ्या सासरची माणसं घरी आली. पहिलीच भेट. नात म्हणजे आमची पिनू; जन्मली तेव्हा टाचणीएवढी होती, म्हणून पिनू. मुलगा तिनेच निवडलेला, गुणी, खाली मान घालून बसणारा. पण बाप! बापाची कुठल्याशा डोंगरउतारावर द्राक्षाची बाग आणि घरची वाइन. येताना बाटली घेऊन आले, तीही अशी छातीशी धरून, जसं तापलेलं मूल दवाखान्यात न्यावं! सुनेने मला आधीच बजावलेलं, "आई, आज तोंड आवरा हं. पिनूचा जीव अडकलाय त्या मुलात." बरं बाई! मी आपली स्वयंपाकघरात फळं चिरत बसले. दार अर्धं उघडं. आता कानांना काही झाकण असतं का?

तर बाहेरून व्याह्यांचा आवाज, घशात मध ओतल्यासारखा... "आधी नाक बघा हिचं. वा! काय नाक आहे!" मला बरं वाटलं. आमच्या घराण्याचं नाक आहे ते, माझ्यावर गेलंय. मग म्हणतात, "अंगाने मात्र हलकी आहे." सुरी थांबली माझी. म्हटलं असेल, हल्लीच्या मुली खातात कुठे? तर पुढे, "आणि पाय बघा, पाय! कसे सावकाश उतरतायत!" अहो, पाय? भर बैठकीत? आणि माझा मुलगा, पोरीचा जन्मदाता, काय म्हणाला असेल? "हो ना, सुरेख आहेत!" सांगा, माझं काय चुकलं?

तरी मी दातओठ खाऊन पुन्हा सुरी चालवली. तर म्हणतात, "पिनो फार लहरी हो! कातडी अगदी पातळ. जरा ऊन लागलं की करपली, जरा ओल लागली की बिघडली. हिला आमचाच डोंगर लागतो, सकाळचं धुकं, चुनखडीची माती... दुसरीकडे नेली की हिचा नूरच जातो." पिनो! माझ्या नातीचं लाडाचं नावसुद्धा धड घेता येईना! आणि मग... "पण खरं सांगू? गेल्या वर्षीची हिच्यापेक्षा उजवी होती." गेल्या वर्षीची!! म्हणजे हे दर वर्षी एक बघतात की काय? "हिला अजून काही वर्षं अंधारात आडवी ठेवायला हवी. आणि आज निदान आल्या आल्या तासभर उघडी ठेवली असती ना..."

बस्स! उठले! हातात सुरी होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. "उघडी ठेवायची? आमची पोर? आणि अंधारात आडवी ठेवायला ती काय कोळशाची गोणी आहे? उठा! पायताण घाला आणि चालू पडा!"

माझा मुलगा पांढराफटक. व्याही पेल्यात नाक घालून तसेच थिजलेले. शेवटी पिनूच रडवेली होऊन म्हणाली, "आजी... ते वाइनबद्दल बोलत होते गं. नाक म्हणजे तिचा वास, अंग म्हणजे दाटपणा, पाय म्हणजे पेल्याच्या काचेवरून उतरणारे ओघळ. पिनो नुआर. द्राक्षाच्या जातीचं नाव आहे ते."

द्राक्षाच्या! बरं, असेल. पण बाटलीला नाक, अंग आणि पाय कुणी चिकटवले? अक्षर न् अक्षर मी माझी मी शिकले, कुणी पुढ्यात बसवून शिकवलं नाही, पण नाक म्हणजे नाक, एवढं मला पक्कं ठाऊक आहे! माझं काय चुकलं?

सून म्हणाली, "आई, माफी मागा!" मी कसली मागते! पण पिनूचे डोळे भरलेले हो... जन्मात कुणापुढे न वाकलेली मी, सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "तुमच्या पिनोला मी आमची पिनू समजले." तर व्याही चिडायचे सोडून गहिवरले! "आजी, माझ्या पिनोसाठी आजवर कुणी सुरी घेऊन धावलं नव्हतं! संबंध पक्का!"

"मग तारीख काढू या," सून घाईघाईने म्हणाली. तर म्हणतात कसे, "छाटणीत नको. फुलोऱ्यात मी तिला सोडून हलत नाही. तोडणीत तर विषयच नको. मग ती पिंपात मुरायला लागली, की रोज जवळ बसावं लागतं, नाहीतर रुसते..."

तेव्हा लग्न ठरलंय, तारीख विचारू नका. मुलाला आई नाही, म्हणून मी मनात म्हणत होते, सुटली आमची पोर सासुरवासातून... कसली सुटते! सासू आहे की! सध्या पिंपात मुरतेय.