कलम छत्तीस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्राचार्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मॅडम, आणि मागच्या दारापाशी सटकायच्या तयारीत उभ्या असलेल्या विद्यार्थिमित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मानवी हक्क शिकलेल्या वकीलबाईला फक्त पाच मिनिटं? असो, तक्रार नंतर करीन.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी मला शून्य दिलं. मला आणि माझ्या मैत्रिणीला. कारण काय? शिक्षणाचा हक्क मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या छत्तिसाव्या कलमात आहे, असं आम्ही दोघींनी लिहिलं. जाहीरनाम्यात कलमंच मुळी तीस, आणि हा हक्क सव्विसाव्यात! दोघींची चूक एकच, म्हणजे कॉपी. वर्ष बुडणार होतं. माझे बाबा शिंपी. म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? दुसरं मशीन रिकामंच आहे, बस त्यावर." ते मशीन बघितलं की मला रडू यायचं.

पण ऐकून घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा करू नये, हे मॅडमनीच शिकवलं होतं ना? मी अर्ज केला. तक्रार कुणाविरुद्ध? मॅडमविरुद्ध. अर्ज कुणाकडे? मॅडमकडेच!

त्या म्हणाल्या, "माझ्याविरुद्धच्या तक्रारीत मीच खुर्चीत कशी बसू?" मग त्यांनी खुर्चीवर ग्रंथपालांना बसवलं, म्हणजे आजच्या आपल्या अध्यक्षांना, आणि स्वतः आमच्या शेजारी बाकावर बसल्या.

मी वर्गातली वही दाखवली. मॅडमनी हे कलम शिकवलं त्या तासाची तारीख होती, छत्तीस होतं. त्या तासाला आम्ही दोघीच हजर होतो. बाकीची मंडळी कुठे होती, ते त्यांनाच विचारा, समोरच बसली आहेत. पण ग्रंथपाल म्हणाले, "अगं, वही काय, नंतरही लिहिता येते." माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

तेव्हा मॅडमनी पिशवीतून त्या तासाचं स्वतःचं टाचण काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांच्याच अक्षरात, छत्तीस. म्हणाल्या, "चूक माझी. या पोरींनी फक्त माझं ऐकलं."

ते टाचण पिशवीतच राहिलं असतं, तर कुणाला कळलं असतं सांगा? आज कोर्टात समोरचा पक्ष कागद दडवतो, तेव्हा मला ती पिशवी आठवते. दुसरं मशीन बाबांनी त्याच महिन्यात विकून टाकलं.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. काही कमीजास्त बोलले असेन, तर सभागृहानं पोटात घालावं. मॅडमकडे मात्र मी माफी मागत नाही. शिक्षा करण्याआधी त्या माझं ऐकून घेतील.