ॲव्होकाडोची बी आणि आमचे सासरे

...नाही, पण माणसानं पाणी प्यायचं कशात, एवढं तरी सांगा! घरात पेले म्हणून होते नव्हते ते सगळे खिडकीत, प्रत्येकात एकेक ॲव्होकाडोची बी, ती काठावर टेकून पाण्यात लोंबावी म्हणून तिच्या पोटात टूथपिका खुपसलेल्या, आणि मी आपला स्वतःच्याच घरात वाटीनं पाणी पितोय! पण मी काही बोललो? छे! जावई माणूस, बोलतो कसला!

सुरुवात एकाच पेल्यापासून झाली. आमचे सासरे, तुम्हाला सांगतो, लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला त्यांचा. आवाज असा, की यांनी तळमजल्यावरून हाक मारली की लिफ्टनं बटण न दाबता खाली यावं! पण सासूबाई गेल्या आणि हा माणूस बंदच पडला हो. हिनं त्यांना आमच्याकडे आणलं, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, 'औषधाचं काम संपलं, आता यांनाच उठावंसं वाटलं पाहिजे.' ही स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला काय, नळही ऐकू यायचा आणि रडणंही.

मग हिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं, 'अगं, ॲव्होकाडो दे, लोण्यासारखं असतं.' आणलं. बाबांनी एक चमचा तोंडात घातला आणि तोंड असं केलं... असं! जसा काही मी साबण भरवला! पण ती बी मात्र उचलली. चांगली लिंबाएवढी, गुळगुळीत. तळहातावर घेऊन म्हणाले, 'ही टाकू नका.' कितीतरी दिवसांनी एक आख्खं वाक्य! हिनं लगेच बी पाण्यात रुजत ठेवायला माझा काचेचा पेला, माझा आवडता, त्यांच्या हातात दिला. मी काही बोललो? छे!

त्यात आमच्या कन्येनं आजोबांना मोबाईलवर वाचून दाखवलं, की म्हणे हजारो वर्षांपूर्वी हत्तीएवढाले प्राणी होते, ते हे फळ आख्खं गिळायचे आणि बी लांब कुठंतरी... टाकायचे. कशी, ते मी सांगत नाही. मग ते प्राणी झाले नाहीसे, पण फळाला कुठं पत्ता! ते आपलं अजून तेवढीच मोठी बी घेऊन वाट बघतंय! झालं, दारात येईल त्याला बाबा हेच सांगायचे. दूधवाला घाईत, एक पाय जिन्यात, आणि बाबा म्हणतायत, 'खाणारे गेले रे, बी मागं राहिली.'  दूधवाला आपला पिशवी टेकवून पळतोय!

पण पाणी बदलायला रोज उठायचे, उठले म्हणून अंघोळ, अंघोळ झाली म्हणून चहा, चहानंतर चार घास. आणि बी? ढिम्म! आठवड्यांमागून आठवडे गेले, रोज बदलूनही पाण्याला वास यायला लागला, बाई काही फुटेना. एका सकाळी बाबा उठलेच नाहीत... घाबरू नका, जागे होते! भिंतीकडे तोंड. 'राहू दे तो पेला. आता त्यात काही उरलं नाही.'  हा माणूस काय नुसता बीबद्दल बोलत होता?

मी मोबाईल घेऊन बसलो, व्हिडिओवर व्हिडिओ बघितले, आणि बघतो तर काय! बसकी बाजू पाण्यात, टोक वर! आणि आमची? टोक पाण्यात! जन्मभर दुनियेला वर-खाली नेलेल्या माणसानं बी डोक्यावर उभी केली होती! मी आपला चोरपावलांनी खिडकीशी गेलो, टूथपिका काढल्या, बी सुलटी केली, आणि पेला जरासा वाजला...

'कोण हात लावतंय माझ्या बीला?'

काय आवाज! वरच्या मजल्यावरची बाई अनवाणी धावत खाली आली! बाबा उठून उभे, बोट माझ्या नाकावर, 'जावईबापू, काही अक्कल आहे का तुम्हाला?' आणि मी वेड्यासारखा हसतोय, डोळ्यांतून पाणी, ही दारात, तीही तशीच. तुम्हाला सांगतो, इतक्या गोड शिव्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत. बोलतोय कशाला!

मग व्हिडिओ दाखवला. बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला, आणि म्हणतात, 'मग हे आधी नाही का सांगायचं?' घ्या! पण फुटली हो! मधोमध तडकली, खालून मूळ, मग वर तांबूस कोंब. तेव्हापासून घरात ॲव्होकाडोंची रांग, फळ आम्ही गिळायचं आणि बी बाबांनी लावायची! घरातलं एकूणएक भांडं बियांनी अडवलंय, पण माझा जीव मात्र भांड्यात पडला!

काल जेवताना, ताटभर जेवतात आता, मला विचारतात, 'याला फळ कधी धरतं?' मी बोलून गेलो, 'बीपासून लावलं तर दहा वर्षं, बाबा. कधी पंधरासुद्धा.' ही माझ्याकडे बघतेय डोळे वटारून. बाबांनी घास सावकाश चावला. 'हरकत नाही,' म्हणाले, 'थांबतो मी.'

आता ऊन चांगलं येतं ते आमच्याच खोलीत. तेव्हा पेले तिथं, पेल्यांशेजारी बाबा, ही लेकीच्या खोलीत, आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर. सकाळीच सोफा दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. म्हटलं, दादा, स्प्रिंगा जरा दणकट टाक... पंधरा वर्षं काढायचीयत!