बटणकाकूंचे लेख सुनेच्या नावे झाल्याबाबत

मी, बटणकाकू (सर्वजण याच नावाने ओळखतात आणि तक्रारही याच नावाची आहे), वय ६८ वर्षे, व्यवसाय लेखन, राहणार बटणांच्या दुकानाच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा व सून असे तिघे राहतो. खाली आमचे बटणे, दोरे व चेन यांचे दुकान आहे. ते माझे यजमान चालवत. ते तीन वर्षांपूर्वी वारले. आता मुलगा चालवतो. व्यवसायाच्या रकान्यात हवालदारांनी आधी ‘घरकाम’ लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहे. घरकाम मी करते, पण ते चोरीला गेलेले नाही.

दुकानाची वेबसाइट सुनेने स्वतः शिकून बनवली. ज्या प्रणालीवर ती बनवली ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली असून फुकट मिळते व तिचा मालक कोणी नाही, असे सून सांगते. मालक नाही तर बिघाड झाल्यावर कुणाच्या दारात जायचे, असे मी तेव्हाच विचारले होते. त्यावर सून म्हणाली, “आई, तुम्ही नुसतं लिहा.”

सुरुवातीला वेबसाइट कोणी बघत नव्हते. मुलगा रोज स्वतःच उघडून बघे व ‘आज एक जण आला’ म्हणून सांगे. शोधणाऱ्याला साइट सापडायची तर तिच्यावर सतत नवा मजकूर पडला पाहिजे, असे सुनेचे म्हणणे पडले. म्हणून मी लिहू लागले. कोटाचे बटण पहिल्यांदा कुठे सैल होते, काजे उसवली तर काय करावे, हरवलेल्या बटणाच्या जागी वेगळे लावायचे तर ते मुद्दाम केल्यासारखे कसे दिसेल, असे विषय होते. लोक वाचू लागले. परगावहून मागण्या येऊ लागल्या. फोटो सुनेने काढले व चांगले काढले, हे मी नाकारत नाही. मजकूर माझा.

मुलाने मला अॅडमिन केले होते. अॅडमिन म्हणजे ज्याला साइटवर सर्व काही करता येते. मी सर्व काही केले नाही. एकदा साइटवर वरून बर्फ पडण्याचे प्लगिन जोडले. प्लगिन म्हणजे बाहेरून बसवायचा सुटा भाग. बर्फामुळे साइट उघडायला वेळ लागतो असे सून म्हणते. मला तसे वाटले नाही, मी बर्फच बघत होते. दुसऱ्यांदा मी थीम बदलली, म्हणजे साइटचा पोशाख बदलला. ती थीम दातांच्या दवाखान्याची निघाली. दुपारपर्यंत आमच्या दुकानावर मोठे हसरे दात होते व एका गृहस्थांनी दाढ कधी काढून द्याल असे विचारले. त्यांना मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या.

यानंतर सुनेने मला न सांगता माझे खाते काढून टाकले. खाते काढताना ती प्रणाली विचारते की, या व्यक्तीने लिहिलेले सर्व पुसून टाकायचे की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचे. सुनेने ते स्वतःच्या नावे केले. तिचे म्हणणे असे की, एकही लेख पुसला जाऊ नये म्हणून तिने तसे केले व यादीत दोनच नावे होती, एक तिचे व एक माझ्या मुलाचे. “त्यांच्या नावावर केलं असतं तर ‘माझे यजमान’ कोण झाले असते, आई?” असे तिने मला विचारले. माझ्या लेखांत ‘माझे यजमान’ जागोजागी येतात.

माझे यजमान आता नाहीत, असे मी लेखांत लिहिलेले आहे. तेच वाक्य आता सुनेच्या नावाखाली, तिच्या हसऱ्या फोटोशेजारी आले. परिणामी चेनचे ठोक व्यापारी दुकानात आले व सुनेला म्हणाले, “वहिनी, एवढं आभाळ कोसळलं आणि आम्हाला कळवलंही नाहीत?” त्यावेळी मुलगा शिडीवर चढून खोका काढत होता. तो वरून म्हणाला, “काय झालं शेठ?” व्यापारी मटकन चेनच्या गठ्ठ्यावर बसले. मुलाने उतरून त्यांना पाणी दिले. ते पाणी त्यांनी बराच वेळ हातात घेतले नाही.

तसेच एका लेखात मी ओघात ‘आमच्या सुनेला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा’ असे लिहिले आहे. त्याखाली एका वाचक बाईंनी ‘अशा सुनेला माहेरी पाठवा’ अशी कमेंट केली. कमेंट मंजूर करण्याचे काम सुनेकडे असते. तिने ती जेवताना वाचून दाखवली व विचारले, “आई, मी मला माहेरी पाठवू का?” मुलगा हसला. मी हसले नाही. सल्ला माझ्या लेखाला होता व तो मला मिळायला हवा होता.

मी माझे नाव परत मागितले. सून म्हणाली, “देते, पण अॅडमिन नाही. तुम्हाला अॅडमिन केलं की दुकानाला दात येतात.” ती मला कॉन्ट्रिब्युटर करायला निघाली. कॉन्ट्रिब्युटर म्हणजे आपण लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून मग प्रसिद्ध करायचे. मी म्हणाले, “माझं लिहिणं तू तपासणार? अगं, तुला काजं करायला मी शिकवलं.” ती म्हणाली, “आणि केलेली उसवायलाही तुम्हीच लावलीत.” मुलाला विचारले असता त्याला दुकानात काम निघाले.

म्हणून मी आज तक्रार द्यायला आले. बस निघून गेली होती, तेव्हा सुनेनेच मला स्कूटरवर आणले. हेल्मेट एकच होते. ते तिने मला घातले.

काय चोरीस गेले असे हवालदारांनी विचारले. मी सांगितले, लेख. ते आता कुठे आहेत असे विचारले. मी सांगितले, जागेवरच आहेत. हवालदारांनी पेन खाली ठेवले.

नंतर त्यांनी नमुना म्हणून एक लेख मागितला. सुनेने फोनवर काढून दिला. तो हवालदारांनी मोठ्याने वाचला. यजमानांचे हात थरथरू लागल्यावर मी त्यांच्या शर्टांची काजे शिवून टाकली, बटणे वरून दिसायला तशीच ठेवली व आतून टिचबटणे लावली, त्यामुळे ते चारचौघांत एका दाबात शर्ट लावत, असा त्यात मजकूर आहे. हा लेख टिचबटणांच्या विक्रीसाठी लिहिलेला आहे. शेवटचा भाग हवालदारांनी मनातल्या मनात वाचला.

मग ते सुनेला म्हणाले, “ताई, अॅडमिन आणि ते दुसरं, याच्या मधलं काही नसतं का?”

सून म्हणाली, “एडिटर असतो. लिहिता येतं, छापता येतं, दुसऱ्याचंही दुरुस्त करता येतं. फक्त बर्फ पाडता येत नाही.”

हे आधी का सांगितले नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्ही माझंही दुरुस्त कराल म्हणून.”

मी तसे करणार नाही असे म्हणाले नाही. तरी तिने ठाण्यातल्या बाकावर बसून मला एडिटर केले व सर्व लेख पुन्हा बटणकाकू या नावे केले. मी एकेक उघडून खात्री केली.

खात्री करताना टिचबटणांच्या लेखाखाली एका वाचकाचा प्रश्न दिसला. आता त्या शर्टांचं काय करता, असा तो होता. त्याला सुनेच्या नावाने उत्तर गेले होते, पण मी बोलावे तसे. ते असे: “कपाटातच आहेत. दर आठवड्याला एक काढून धुते. बाकीच्या कपड्यांत मिसळून टाकते, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही. वाळला की टिचबटणं लावून परत ठेवते.”

हे मी कुठेही लिहिलेले नाही व कुणाला सांगितलेले नाही. तुला कसे कळले, असे मी सुनेला विचारले. ती फोनकडे बघत म्हणाली, “दोरीवरचे कपडे मीच काढते ना, आई.” मग तिने विचारले, “हे पुसू की तुमच्या नावावर करू?”

मी दोन्ही नको म्हणाले. सदर उत्तर बरोबर आहे. ते सुनेच्या नावे राहण्यास माझी हरकत नाही. आता माझी कुणाविरुद्ध तक्रार उरलेली नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. शुद्धलेखन मी सुधारून दिले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.